ख्रिस्तियान डॉप्लर

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबेगाव तालुक्यात, पेठ नावाचे गाव आहे. गाव मागे पडले की अवसरीचा घाट लागतो. या रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर क्षणभर उभे राहावे आणि भोंगा वाजवीत येणाऱ्या एखाद्या मोटारीकडे कान द्यावा. मोटार जवळ येत असते तोवर भोंग्याचा स्वर उंच असतो. ती समोरून पुढे निघून जाते न जाते, तोच स्वर खाली उतरतो. मोटारीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर हा उतार पेटीवरील दीड-दोन पट्ट्यांइतका भरतो. मोटारीत बसलेल्या माणसाला मात्र भोंग्याचा स्वर आरंभापासून अखेरपर्यंत एकच ऐकू येतो. भोंगा तोच, वाजविणारा तोच. मग रस्त्याकडेच्या श्रोत्याला स्वर बदलल्याचा अनुभव का यावा?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रथम नियमाच्या रूपात मांडले, ते शास्त्रज्ञ म्हणजे ख्रिस्तियान डॉप्लर. मोटारी तर सोडाच, आगगाड्याही जेव्हा नुकत्याच धावू लागल्या होत्या, त्या काळात केवळ विचाराच्या बळावर त्यांनी हा नियम शोधून काढला.

डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आज ऑस्ट्रिया देशात असलेल्या साल्झबुर्ग या शहरी झाला. प्रख्यात संगीतकार मोझार्ट हेही याच शहरचे. डॉप्लरांच्या घराण्यात दगड घडविण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मुलाने हातोडा आणि छिन्नी उचलावी हे रीतीला धरून होते. परंतु ख्रिस्तियानची प्रकृती लहानपणापासून नाजूक. दगडाच्या कष्टाचे काम त्या देहाला झेपणारे नव्हते. तेव्हा या मुलाचे पुढे काय करावे, अशी चिंता वडिलांना पडली. साल्झबुर्ग येथील गणिताचे अध्यापक सिमोन स्टाम्फर यांनी मुलाची बुद्धी पारखली आणि त्याला उच्च शिक्षणासाठी व्हिएन्नाला पाठविण्याचा सल्ला दिला. योग्य वेळी भेटलेला गुरू आयुष्याला कसे वळण लावतो, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

१८२२ साली डॉप्लर व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले. पुढे तेथील विद्यापीठात त्यांनी उच्च गणित, यंत्रशास्त्र आणि खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला. १८२९ साली ते एका प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून काम करू लागले. परंतु ही नेमणूक चार वर्षांपुरतीच होती. मुदत संपली आणि तिशीच्या उंबरठ्यावरचा हा विद्वान तरुण बेकार झाला. त्याने ठिकठिकाणी अर्ज केले. कोठूनही अनुकूल उत्तर आले नाही. अखेर एका सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून सुमारे दीड वर्ष त्याने दिवस काढले. ज्या लेखणीने ताऱ्यांचे गणित मांडावयाचे, ती सुताच्या गाठोड्यांची बेरीज करीत होती.

१८३५ साली डॉप्लर यांचा धीर सुटला. मायदेशात आपल्या विद्येला स्थान नाही असे मानून त्यांनी अमेरिकेस जाण्याचे ठरविले. होते नव्हते ते सामान विकून टाकले आणि प्रवासाच्या तजविजीसाठी ते म्युनिकपर्यंत गेलेही. त्याच सुमारास प्राग शहरातील एका माध्यमिक शाळेत शिक्षकाची जागा देऊ करणारे पत्र त्यांच्या हाती पडले. डॉप्लर मागे फिरले. ते पत्र आणखी उशिरा आले असते, तर त्यांच्या आयुष्याने कोणते वळण घेतले असते, कोण सांगू शकेल?

प्राग येथे डॉप्लर स्थिरावले. १८३६ साली माथिल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांना पाच अपत्ये झाली. शाळेतून ते तंत्रविद्यालयात गेले व १८४१ साली तेथे गणित आणि प्रायोगिक भूमिती या विषयांचे प्राध्यापक झाले. काम मात्र फार कष्टाचे होते. शेकडो विद्यार्थ्यांना शिकवावयाचे आणि त्यांच्या लेखी व तोंडी परीक्षाही स्वतःच घ्यावयाच्या. प्राध्यापक परीक्षेत फार कठोर आहेत अशी तक्रार काही विद्यार्थ्यांनी केली आणि डॉप्लर यांच्यावर चौकशीचा प्रसंगही ओढवला. अशा व्यापातून उरलेल्या वेळात त्यांचे संशोधन चाले.

२५ मे १८४२ रोजी प्राग येथील बोहेमियाच्या राजकीय विज्ञानसंस्थेत त्यांनी आपला निबंध वाचला. जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयीचा तो निबंध होता. ऐकावयास माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठा विचार अशा जवळजवळ रिकाम्या दालनात प्रथम उच्चारला गेला.

तो विचार असा. आंबेगाव तालुक्यातच घोड नदीवर डिंभे धरण आहे. वाऱ्याने त्याच्या जलाशयावर लाटा उठल्या आहेत आणि आपण होडीत बसलो आहोत, अशी कल्पना करा. होडी स्थिर असेल तर ठरावीक वेळात ठरावीक लाटा तिच्यावर आदळतील. लाटांच्या दिशेला सामोरे वल्हवीत गेलो, तर तेवढ्याच वेळात अधिक लाटा भेटतील. लाटांच्या बरोबरीने त्याच दिशेस गेलो, तर कमी भेटतील. लाटांचे उगमस्थान आपल्याकडे येऊ लागले वा आपल्यापासून दूर जाऊ लागले, तरी परिणाम याच जातीचा होतो. ध्वनी हा हवेतील तरंग आहे. दर सेकंदाला कानावर किती तरंग येतात, त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि तिच्यावरच स्वराची उंची अवलंबून असते. म्हणून जवळ येणारा भोंगा उंच वाटतो आणि दूर जाणारा खालचा. डॉप्लर यांनी हे एका लहानशा सूत्रात बांधले. प्रकाशही तरंगमय असल्याने त्यालाही हाच नियम लागू पडला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

नियम मांडला, तरी तो प्रयोगाने सिद्ध व्हावा लागतो. हे काम हॉलंडमधील बॉइज बॅलट या तरुण शास्त्रज्ञाने अंगावर घेतले. १८४५ साली त्याने आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारी वाजविणारे वादक बसविले आणि रुळांच्या कडेला स्वरज्ञानी संगीतकार उभे केले. फेब्रुवारीतील पहिला प्रयत्न हिमवर्षाव व थंडी यांमुळे फसला. जूनमध्ये प्रयोग पुन्हा झाला. गाडीतील वादक एकच स्वर धरून वाजवीत होते. परंतु गाडी येताना तो चढा व जाताना उतरता असल्याचे कडेच्या संगीतकारांनी नोंदविले. ध्वनीच्या बाबतीत डॉप्लर यांचा नियम खरा ठरला.

ताऱ्यांच्या रंगाविषयी मात्र बॉइज बॅलट यांनी डॉप्लर यांचे मत स्वीकारले नाही, आणि येथे न्याय त्यांच्याच बाजूला होता. सर्व तारे मुळात पांढरे असून जवळ येणारे निळसर व दूर जाणारे तांबूस दिसतात, अशी डॉप्लर यांची समजूत होती. ती चुकीची होती. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर इतका प्रचंड आहे. त्याच्या तुलनेने आपल्या आकाशगंगेतील बहुतेक ताऱ्यांची गती इतकी अल्प असते की, त्यांचा रंग डोळ्यांना बदललेला दिसूच शकत नाही. ताऱ्यांचे रंग मुख्यतः त्यांच्या तापमानामुळे ठरतात. नियम खरा होता. त्यासाठी निवडलेले उदाहरण खोटे होते.

अतिश्रमाने डॉप्लर यांची प्रकृती खालावत होती. १८४४ साली त्यांना आजारपणाची रजा घ्यावी लागली. १८४७ साली ते शेमनिट्झ येथील खाणविद्येच्या विद्यालयात गेले. पण दुसऱ्याच वर्षी त्या प्रदेशात क्रांतीचा वणवा पेटला आणि ते व्हिएन्नाला परतले. १८५० साली व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राची नवी संस्था स्थापन झाली व तिचे पहिले संचालक म्हणून सम्राटाने डॉप्लर यांची नेमणूक केली. एके काळी हिशेबनीस असलेला माणूस देशातील भौतिकशास्त्राच्या सर्वोच्च आसनावर बसला. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे येथेच त्यांचे विद्यार्थी होते.

हे सुख फार काळ लाभले नाही. १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञानसंस्थेत पेट्झव्हाल या मान्यवर गणितज्ञाने डॉप्लर यांच्या नियमावर कडाडून हल्ला चढविला. निसर्गाचे मोठे नियम अवघड गणितातूनच निघावयास हवेत, दोनचार ओळींच्या सूत्रातून नव्हेत, असा त्याचा आग्रह होता. संस्थेत त्याचे वजन मोठे होते. डॉप्लर यांनी आपली बाजू मांडली. परंतु तोवर फुप्फुसांच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. हवापालट व्हावी म्हणून नोव्हेंबर १८५२ मध्ये ते व्हेनिसला गेले. तेथेच १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, त्यांनी जगाचा निरोप घेतला. वाद अजून मिटला नव्हता. आपला नियम जग मान्य करील की नाही, याची खात्री न पटताच ते गेले.

काळाने न्याय केला. ताऱ्याचा रंग बदलत नसला तरी त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा किंचित सरकतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८४८ सालीच सुचविले होते. १८६८ साली इंग्लंडमध्ये हगिन्स यांनी व्याधाच्या ताऱ्याच्या रेषा तपासून त्याची गती मोजण्याचा प्रयत्न केला. पुढे अशाच रेषांवरून दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात असल्याचे उमगले. आज वैद्य हृदयातील रक्ताचा वेग याच नियमाने तपासतात आणि वेधशाळा ढगांतील पावसाच्या थेंबांची गती याच नियमाने ओळखतात.

रेडिओचे तरंगही या नियमातून सुटले नाहीत. केवळ आवडीखातर, सरकारी परवाना घेऊन, रेडिओवरून परस्परांशी संपर्क साधणारे लोक जगभर आहेत. त्यांना हौशी रेडिओचालक किंवा हॅम म्हणतात. त्यांच्यासाठी भारताने ५ मे २००५ रोजी ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह सोडला. तो २०१४ सालापर्यंत उपयोगी पडला. २२ जून २०१६ रोजी तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, एक किलोग्रॅमहूनही हलका ‘स्वयम्’ हा उपग्रह हौशी रेडिओच्या संदेशांसाठी अंतराळात गेला.

असा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो आणि दहा-पंधरा मिनिटांत क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा प्रवास संपवितो. हॅमसॅट जमिनीवरील आवाज सुमारे ४३५ मेगाहर्ट्झवर ऐके आणि सुमारे १४५ मेगाहर्ट्झवर खाली पाठवी. तो उगवताना त्याचा संदेश मूळ वारंवारतेपेक्षा तीनएक किलोहर्ट्झ वर येई आणि मावळताना तितकाच खाली. वर पाठविलेल्या संदेशात तर हा फरक दहा किलोहर्ट्झच्या घरात जाई. मनुष्याचा आवाज वाहून नेण्यास तीनएक किलोहर्ट्झ पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा हे कळेल. म्हणून रेडिओचालकाला स्वस्थ बसून चालत नाही. ऐकताना तो आरंभी आपला संच मूळ आकड्याच्या वर लावतो आणि हळूहळू खाली आणीत राहतो. बोलताना तो उलट करतो. आरंभी मूळ आकड्याच्या खाली पाठवितो आणि मग चढवीत नेतो, म्हणजे उपग्रहाला तो बरोबर ठरलेल्या जागी ऐकू येतो. उपग्रह सर्वांत जवळ असतो त्या क्षणी फरक शून्य असतो. पण तेथेच तो सर्वांत झपाट्याने बदलत असल्यामुळे हात अधिक चपळ ठेवावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे काम आता संगणक करतो. त्यामागचे गणित मात्र डॉप्लर यांचेच असते.

पेठहून मंचर आणि कळंब ओलांडून आपण जुन्नर तालुक्यात नारायणगावला पोहोचलो, की तेथून जवळच खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या त्या परिसरात पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘शियापरेल्ली’ हे युरोपचे यान मंगळावर उतरत असताना, कोट्यवधी किलोमीटरांवरून येणारा त्याचा अतिक्षीण संदेश या तबकड्यांनी टिपला. संदेशाच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलांवरून यानाचा वेग कसा घटत आहे आणि त्याची हवाई छत्री उघडली आहे, हे शास्त्रज्ञांना समजत होते. जमिनीला टेकण्यापूर्वीच संदेश थांबला आणि यान मंगळावर आदळून नष्ट झाले. तरीही त्याच्या अखेरच्या प्रवासाची हकीकत जुन्नरच्या माळावर वाचली गेली, ती डॉप्लर यांच्या नियमाच्या आधारे.

आंधळेपणाने कोणाचे सारेच खरे मानू नये आणि एक चूक दिसली म्हणून सारेच टाकूनही देऊ नये, हा डॉप्लर यांच्या चरित्राचा बोध आहे. ताऱ्यांच्या रंगाविषयी ते चुकले. पण त्यांचा नियम अभ्यासकांनी आगगाडीवर पारखला, ताऱ्यांवर पारखला आणि तो प्रत्येक कसोटीस उतरला. दगड घडविणाऱ्या घराण्यातील या दुबळ्या मुलाला छिन्नी उचलता आली नाही. त्याने घडविलेले एक लहानसे सूत्र मात्र पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली तरी अभंग उभे आहे. पुढच्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या भोंग्याचा स्वर खाली उतरलेला ऐकाल, तेव्हा त्यांची आठवण अवश्य करा.