घाटात मागे पडलेला माणूस

फ्रान्समध्ये लिऑन शहराच्या नैर्ऋत्येला सेंट एतिएन नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती विणणारे माग यांसाठी ते एकेकाळी नावाजलेले होते. गावातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता लगेच चढणीला लागतो आणि तेराएक किलोमीटरनंतर ११६१ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. या खिंडीचे नाव कोल द ला रेपुब्लिक.

एकोणिसावे शतक संपत आले असताना या घाटात एक साधीच गोष्ट घडली. एक गृहस्थ घामाघूम होऊन सायकल रेटत वर चालला होता. सायकल चांगली होती आणि गृहस्थही पट्टीचा सायकलस्वार होता. तेवढ्यात मागून दुसरा एक जण आला आणि तोंडातला पाइप शांतपणे ओढत त्याला सहज मागे टाकून निघून गेला. गंमत म्हणजे पुढे जाणारा हा इसम त्या गृहस्थाच्याच मासिकाचा वाचक होता.

अशा वेळी सामान्य माणूस काय करतो? दात-ओठ खातो आणि दुसऱ्या दिवसापासून जास्त मेहनत करू लागतो. या गृहस्थाने तसे केले नाही. पायांत कमी आहे की सायकलीत, याचा तो विचार करीत बसला. उत्तर सायकलीत सापडले आणि त्यापायी त्याने उरलेले आयुष्य वेचले.

त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे आणि सायकलींच्या जगात आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. जन्म १८५३ सालचा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी. तरुणपणी रेशमाच्या व्यापारात शिरला आणि तिशीच्या आतच स्वतःची पेढी चालवू लागला. १८८१ साली त्याने पहिली सायकल घेतली. तेव्हाची सायकल म्हणजे पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे अगदी एवढेसे. व्यापारानिमित्त इंग्लंडला जाणे होई. तिथे कॉव्हेंट्रीच्या कारखान्यांत नव्या धर्तीच्या सायकली तयार होत होत्या. त्या पाहून हा माणूस पुरता झपाटला. चालता धंदा विकून त्याने सेंट एतिएनमध्ये सायकलींचे दुकान थाटले, १८८७ मध्ये मासिक सुरू केले (पुढे ते ‘ल सिक्लिस्त’ म्हणून प्रसिद्ध झाले) आणि १८८९ मध्ये ‘ला गोल्वाज’ नावाची स्वतःची सायकलही बाजारात आणली.

मी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. बसलेली पेढी मोडून सायकलींच्या दुकानासाठी पैसे मागणारा असा कोणी टेबलासमोर येऊन बसला असता, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे लागले असते. पण कादंबऱ्या लिहू लागल्यावर कळले, की गोष्ट नेहमी अशाच माणसांची होते.

पाइपवाल्याने दिलेला धडा नीट समजायचा तर सायकलीचे थोडे यंत्रशास्त्र पाहायला हवे. त्या काळच्या सायकलीला एकच गिअर असे. पेडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे ठरावीक फेरे, मग रस्ता चढाचा असो की सपाटीचा. सपाटीवर वेग मिळावा असा गिअर बसवला, की घाटात गुडघे कुरकुरतात. घाटासाठी हलका बसवला, की सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल मात्र रेंगाळते. व्हेलोसिओच्या मनाने घेतले, की रस्ता बदलतो तसा गिअरही बदलता आला पाहिजे. त्याने पुढे दोन दातेरी चक्रे बसवून पाहिली. सुरुवातीला गिअर बदलण्यासाठी खाली उतरून हाताने साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. मग तो एकेक सुधारणा करीत गेला, दुसऱ्यांच्या युक्त्याही स्वतः वापरून पारखू लागला. अशी खटपट करणारा तो एकटाच नव्हता. पण या कल्पनेचा वर्षानुवर्षे, महिन्यामागून महिना पुरस्कार करणारा त्याच्याइतका चिवट माणूस दुसरा नव्हता. सायकलीवर बसल्या बसल्या साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे जे यंत्र आज जगभर दिसते, त्याच्या पूर्वजांमध्ये सेंट एतिएनच्या या मंडळींची गणना होते.

आता कोणालाही वाटेल, की एवढी सोयीची गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली असेल. झाले उलटेच.

पॅरिसमध्ये आंरी देग्रांज नावाचा मोठा वजनदार माणूस होता. १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून विक्रम केला होता. पुढे तो ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक झाला आणि १९०३ मध्ये त्याने टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. शर्यत म्हणजे माणसाच्या स्नायूंची आणि निर्धाराची कसोटी, अशी त्याची पक्की धारणा होती. यंत्राने चढण सोपी केली तर मर्दुमकी उरली कुठे?

१९०२ मध्ये टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची एक चाचणी घेतली. मार्थ हेस नावाची महिला गिअरच्या गोल्वाजवर बसून पाय जमिनीला न टेकवता चढण पार करून गेली आणि एका गिअरवरच्या नामांकित पुरुष स्पर्धकाची तिने पंचाईत केली, अशी हकिगत सांगितली जाते. देग्रांजने यावर लेखणी उचलली ती टवाळीसाठी. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

ही टवाळी वरवरची नव्हती. शर्यतीत जे चालते तेच खरे आणि बाकी सगळे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, असा दंडक त्यातून पडला. टूर द फ्रान्समध्ये साखळी सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत बंदी राहिली. स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रे असत. घाट आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. १९१० मध्ये शर्यत प्रथमच पिरेनीजच्या उंच खिंडींतून गेली, तेव्हा भले भले वीर सायकल हाताने ढकलीत चालताना दिसले. नेमक्या याच त्रासावरचा उपाय सेंट एतिएनमधल्या सामान्य हौशी मंडळींकडे त्याआधीच होता! पण ती मंडळी वीर नव्हती. त्यांत कारागीर होते, नोकरदार होते, मुलाबाळांची माणसे होती. रविवारी डोंगरात जावे, भूक लागली की खावे आणि संध्याकाळी हसत घरी यावे, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

व्हेलोसिओ त्यांच्यासाठी लिहीत होता, आणि नुसत्या गिअरबद्दल नव्हे. टायर रुंद आणि मऊ असावेत, असा त्याचा आग्रह होता. अरुंद, टणक टायर वेगवान असतात हा समज त्याला स्वतःच्या अनुभवावरून पटत नव्हता. तो दुकानात बसून मत देणारा नव्हता. नवे काही हाती आले की ते सायकलीला बसवायचे, शेकडो किलोमीटर हिंडायचे आणि मग लिहायचे, ही त्याची रीत. साठी उलटल्यावरही तो रात्र रात्र सायकल चालवी. मांसाहार त्याने सोडला होता. ईस्टरला मंडळी गोळा करून दक्षिणेला प्रोव्हान्सकडे निघण्याचा त्याचा परिपाठ होता. वाचनाची, विशेषतः ग्रीक-लॅटिन ग्रंथांची, गोडी त्याला शेवटपर्यंत राहिली. एस्पेरांतो या नव्या विश्वभाषेचाही तो कैवारी होता. असा माणूस सुखासीन होता असे कोण म्हणेल?

मला या चरित्रातला खरा मुद्दा इथे दिसतो. आराम म्हणजे ऐषआराम, अशी आपल्याकडेही समजूत आहे. सोसणारा तो खरा आणि सोय पाहणारा तो कच्चा. व्हेलोसिओला आराम हवा होता तो लांब जाता यावे म्हणून. बूट चावत नसेल तर माणूस दहा मैल चालतो, चावत असेल तर पहिल्याच मैलाला बसतो. यात चैन कसली?

प्रवाशांसाठी त्याने सात नियम घालून दिले होते. विश्रांती थोडी आणि मोजकी घ्यावी. भुकेआधी खावे, तहानेआधी प्यावे. अन्न गोड लागणार नाही आणि झोप येणार नाही इतके कधी दमू नये. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे, उकडण्याआधी काढावे. वाटेत मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य. पहिल्या काही तासांत तरी आपल्या ताकदीबाहेर जाऊ नये. आणि सातवा नियम असा, की मिरवण्यासाठी, नुसत्या अभिमानापोटी कधीही पेडल मारू नये. पहिले सहा नियम कोणताही वैद्य सांगेल. सातवा सांगायला व्हेलोसिओच हवा.

हे सारे आज आठवण्याचे कारण माझ्या खिडकीतून दिसते. पुण्यात रविवारी पहाटे सिंहगडाकडे, बोपदेव घाटाकडे सायकलस्वारांचे थवे जातात. पाहून बरे वाटते. आमच्या पिढीची सायकल कामाची होती. काळी, दांडीची, स्प्रिंगची सीट, वर उचललेले हँडल, मागे कॅरिअर. माझ्या पहिल्या शाखेतला शिपाई तसल्याच सायकलीवरून रोज दोन्ही मिळून वीस किलोमीटर ये-जा करी, आणि त्याच्या पाठीची तक्रार मी कधी ऐकली नाही. आताच्या सायकली हलक्या, देखण्या आणि महागड्या आहेत. पण त्यांच्याबरोबर अलिखित नियमांची एक पोथीही आली आहे. हँडल सीटच्या खाली हवे. हँडलखालच्या, उंची वाढवणाऱ्या कड्या काढून टाकाव्यात, कारण त्या दिसायला वाईट. पिशवी नको, मडगार्ड नको, स्टँड तर नकोच नको.

आमच्या शेजारचा मुलगा, कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसणारा, अशी सायकल घेऊन आला. दोन महिन्यांत मान आखडली, हाताची बोटे बधिर होऊ लागली. काका, माझंच शरीर कमी पडतंय, असे तो मला खिन्नपणे सांगू लागला. मी त्याला घाटातल्या पाइपवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने हँडल थोडे वर घेतले, सीट पुढे सरकवली, टायर जरा रुंद घातले. आता तो सासवडला जाऊन येतो. मित्र अजून हसतात म्हणे. हसोत.

दुसरी बाजूही खोटी नाही, हे सांगायला हवे. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. अंग जितके खाली वाकेल तितका हवेचा अडथळा कमी. शर्यतवाला वाकून बसतो तो शोभेसाठी नव्हे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या कमरेला, मानेला ती बैठक पेलते. चूक होते ती त्याची बैठक आपण गणवेशासारखी अंगावर चढवतो तेव्हा. त्याचे कारण सुटते आणि रूप तेवढे उरते. देग्रांजने शर्यतीसाठी काय नियम करावेत हा त्याचा प्रश्न होता. पण त्याच्या शर्यतीबाहेरच्या हजारो लोकांनीही त्याच मापाने स्वतःला मोजावे, हे व्हेलोसिओला मान्य नव्हते. त्याच्या दृष्टीने माप ज्याचे त्याचे असते, आणि ते रस्त्यावर घ्यायचे असते, आरशासमोर नव्हे.

१९३० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंट एतिएनच्या रस्त्यावर सायकल हातात धरून चालत असताना ट्रामचा धक्का लागून तो गेला. डोंगरदऱ्यांतल्या हजारो मैलांनी ज्याचे काही बिघडवले नाही, त्याला मृत्यू गाठायला आला तो असा गावात, पायी चालताना.

त्यानंतर सात वर्षांनी टूर द फ्रान्सने गिअरवरची बंदी उठवली. तोवर देग्रांज शर्यतीच्या सूत्रांपासून दूर झाला होता. टायरांच्या बाबतीत मात्र शर्यतवाल्यांना आणखी कितीतरी काळ लागला. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत २३ मिलिमीटरचे, दगडासारखे टणक टायर हेच वेगाचे लक्षण मानले जाई. मग मोजमापे झाली. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उडत राहतो आणि ती थरथर शोषण्यात स्वाराची ताकद वाया जाते, हे कळून आले. आज व्यावसायिक स्पर्धक २८-३० मिलिमीटरचे टायर सर्रास वापरतात आणि त्यांत हवाही पूर्वीपेक्षा कमी भरतात. काल जी म्हाताऱ्यांची सोय होती, ती आज वीरांची शैली झाली.

कोल द ला रेपुब्लिकच्या खिंडीत आता व्हेलोसिओचे स्मारक आहे. टूर द फ्रान्स या घाटातून अनेकदा गेली आहे, अगदी पहिल्या वर्षापासून. आताचे स्पर्धक तिथून जातात तेव्हा त्यांच्या सायकलींना पुढे दोन आणि मागे बारा चक्रे असतात, आणि बोटाच्या एका स्पर्शाने साखळी सरकते. स्मारकाकडे पाहायला त्यांना सवड नसते. पण त्याच घाटात इतर दिवशी साधी माणसे चढत असतात, कोणी साठीचे, कोणी सत्तरीचे, आपापल्या मापाचा हलका गिअर लावून, आजूबाजूची झाडे बघत. त्यांना कोणी मागे टाकून गेले, तर ती बाजूला होऊन वाट देतात.