माफीच्या साक्षीदाराचे माप ठरविणारे न्या. व्हिव्हियन बोस

नागपूर : गुन्ह्यात स्वतः सामील असलेल्या माणसाला माफी द्यायची आणि त्याच्याच तोंडून इतर आरोपींविरुद्ध साक्ष घ्यायची, ही फौजदारी कायद्यातील एक जुनी आणि अवघड तडजोड आहे. कट बंद दाराआड शिजतो. त्याला बाहेरचा साक्षीदार नसतो. म्हणून सरकार कटातल्याच एकाला फोडते आणि तो माफीचा साक्षीदार होतो. गांधीहत्येच्या खटल्यात १९४८ मध्ये दिगंबर बडगे असाच साक्षीदार झाला. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या प्रकरणात डेव्हिड हेडलीला मुंबईच्या सत्र न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये माफी दिली. मात्र सरकारने माफी दिली म्हणून न्यायालयाने विश्वासही द्यावा काय, हा प्रश्न दरवेळी उरतोच. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात अगदी प्रारंभीच्या वर्षांत या प्रश्नाचे माप ज्यांनी नीट आखून दिले, ते न्या. व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या वकिलीतून आणि नागपूरच्याच उच्च न्यायालयातून घडलेले न्यायाधीश होते.

व्हिव्हियन बोस यांचा जन्म ९ जून १८९१ रोजी अहमदाबाद येथे झाला. पण घराणे नागपूरचे. आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे मध्य प्रांतातील अग्रगण्य वकील आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. व्हिव्हियन यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये डलिच कॉलेज आणि केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात झाले. १९१३ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि नागपुरात वकिली करू लागले. १९२४ ते १९३० या काळात ते नागपूरच्या विद्यापीठ विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विदर्भातील वकिलांची एक पिढी त्या वर्गांतून बाहेर पडली. बालवीर चळवळीतही त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९३० मध्ये त्यांचा विवाह आयरिन मॉट यांच्याशी झाला. आयरिन यांचे वडील जॉन मॉट यांना पुढे १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि त्याच्या पहिल्या न्यायाधीशांत बोस यांचा समावेश झाला. १९४९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. ५ मार्च १९५१ रोजी त्यांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची सूत्रे स्वीकारली, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. वर्षभराच्या आतच गोंदियाचे एक प्रकरण त्यांच्यापुढे येऊन ठेपले.

गोंदियाचा खटला

डिसेंबर १९४९ मध्ये गोंदियात एका पाच वर्षांच्या मुलाचा निर्घृण खून झाला. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते आणि रेशनिंगचे दिवस होते. तांदूळ पॉलिश करण्यास कायद्याने बंदी होती. मुलाचे वडील तेथे अन्न अधिकारी होते. त्यांनी गिरणीत तांदूळ पॉलिश करवून घेताना आपल्याच खात्यातील एका सहायक निरीक्षकाला पकडले आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. निरीक्षकाची नोकरी गेली. त्याचा सूड म्हणून मुलाचा जीव घेतला गेला, असा आरोप होता. खालच्या न्यायालयाने या निरीक्षकाला फाशीची शिक्षा सुनावली आणि नागपूर उच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच्याविरुद्धचा मुख्य आधार होता त्याच्याबरोबर खटला चाललेल्या सहआरोपीचा कबुलीजबाब.

कायद्याच्या पुस्तकांत काश्मीरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल ४ मार्च १९५२ रोजी लागला आणि तो बोस यांनी लिहिला. प्रारंभीच त्यांनी सावधगिरीचा इशारा दिला. गुन्हा जितका भयंकर, तितका संताप मोठा. आणि संताप मोठा असला की पुराव्याकडे थंड डोक्याने पाहणे कठीण होते. म्हणूनच अशा प्रकरणात पुरावा नेहमीपेक्षा अधिक काळजीने तपासला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

यानंतर त्यांनी पुराव्याची प्रतवारी लावली. माफीचा साक्षीदार निदान शपथेवर बोलतो, आरोपीच्या समोर बोलतो आणि त्याची उलटतपासणी होते. सहआरोपीच्या कबुलीजबाबाला यांपैकी कोणतीच कसोटी लागत नाही. म्हणून तो माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीपेक्षाही दुबळा ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये ओरिसातील भुबोनी साहू खटल्यात हाच विचार मांडला होता. बोस यांनी तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात पक्का रोवला आणि न्यायाधीशांना कामाची एक पद्धतही घालून दिली. कबुलीजबाब आधी पूर्णपणे बाजूला ठेवावा. उरलेला पुरावा एकत्र करून पाहावा. तो खरा मानला आणि त्यावर सुरक्षितपणे दोषी ठरविता येत असेल, तर कबुलीजबाबाकडे वळण्याची गरजच नाही. पुरावा पुरेसा असूनही न्यायाधीशाचे मन कचरत असेल, तरच केवळ आधारासाठी कबुलीजबाब हाती घ्यावा.

या पद्धतीने पाहता खुनाचा आरोप टिकला नाही. पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा मात्र सिद्ध झाला. फाशी रद्द होऊन सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ज्या नागपूर उच्च न्यायालयाचे बोस वर्षापूर्वीपर्यंत मुख्य न्यायाधीश होते, त्याच न्यायालयाचा निर्णय त्यांनी फिरविला. पोटचा मुलगा गमावलेल्या कुटुंबाला हा निकाल किती जड गेला असेल, हे सांगण्याची गरज नाही. परंतु अपुऱ्या पुराव्यावर माणसाला फासावर चढविल्याने न्याय होत नाही, या तत्त्वाची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच.

दुजोरा म्हणजे काय?

बोस यांनी आरोपींच्या बाजूनेच तराजू झुकविला, असे मात्र म्हणता येणार नाही. गोंदियाच्या निकालाआधी अवघे काही आठवडे, २० डिसेंबर १९५१ रोजी, त्यांनी रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्याचा निकाल दिला होता. त्यात आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचा प्रश्न होता. साक्षीला दुजोरा असावा, हा नियम कायद्याचा अटळ आदेश नसून शहाणपणाचा नियम आहे. न्यायाधीशाच्या मनात तो जागा असला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. दुजोरा प्रत्येक तपशिलाला लागत नाही आणि तो प्रत्यक्षदर्शी पुराव्याचाच असावा असेही नाही. मात्र गुन्हा घडला एवढे दाखवून भागत नाही. विशिष्ट आरोपीचा गुन्ह्याशी संबंध जोडणारा धागा स्वतंत्र ठिकाणाहून यावा लागतो. त्या मुलीने घटनेनंतर काही तासांतच आईला सांगितलेली हकीकत त्यांनी दुजोरा म्हणून स्वीकारली.

माफीच्या साक्षीदाराच्या बाबतीत हा धागा किती मोलाचा असतो, हे गांधीहत्येच्या खटल्यात दिसले होते. विशेष न्यायाधीशांनी बडगेला खरा साक्षीदार मानले. तरीही विनायक दामोदर सावरकर यांच्यापुरता त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही आणि १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

निवृत्तीनंतर

बोस जून १९५६ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना होऊन नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले आणि सिव्हिल लाइन्समधील त्याच्या वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. बोस यांना मात्र १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तात्पुरते न्यायाधीश म्हणून पुन्हा पाचारण करण्यात आले. खून आणि सदोष मनुष्यवध यांतील सीमारेषा सांगणारा विरसा सिंग खटल्याचा १९५८ चा निकाल याच काळातला; तो आजही न्यायालयांत रोज वाचला जातो. पुढे मुंदडा प्रकरणातील अधिकाऱ्यांची चौकशी आणि दालमिया-जैन उद्योगसमूहाची चौकशी त्यांच्याकडे आली. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २९ नोव्हेंबर १९८३ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कायद्याची पुस्तके बदलली. माफीची तरतूद १८९८ च्या संहितेतील कलम ३३७ मधून १९७३ च्या संहितेतील कलम ३०६ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आली. अट तीच राहिली : सत्य आणि संपूर्ण हकीकत सांगायची. काही दडविले किंवा खोटे सांगितले, तर माफीचे संरक्षण जाते आणि खटला उभा राहतो. साध्या साक्षीदारालाही कायद्याचे एक कवच आहे. स्वतःला अडचणीत आणणारा प्रश्न त्याला टाळता येत नाही; पण सक्तीने दिलेल्या उत्तरावरून त्याच्यावर खटला भरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा.

एक बदल मात्र लक्षणीय आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर झालेली शिक्षाही केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नव्हती. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १३८ आता दुजोरा मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख करते. जी गोष्ट बोस यांनी शहाणपणाचा नियम म्हणून न्यायाधीशांच्या मनावर बिंबविली, ती सात दशकांनंतर कायद्याच्या अक्षरांत उतरली आहे. माफी देण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पण माफी घेतलेल्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगण्यापूर्वी थांबून पाहण्याची जबाबदारी न्यायाधीशाची आहे. गोंदियाच्या खटल्यात बोस यांनी नेमके तेच केले.