गाडीची काळी पट्टी, निघणारे पोपडे आणि ज्युलिओ नत्ता

आमच्या महाड-पोलादपूरकडे चार-पाच वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी बघा. बंपरची खालची कड, चाकांवरची काळी पट्टी पांढरट पडलेली दिसते. मग कुणीतरी त्यावर सरळ काळा स्प्रे मारतो आणि एका पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात. मला विचाराल तर दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. खरं कारण त्या प्लास्टिकच्या जन्मातच आहे. म्हणून आज ज्यांनी त्याला घडवलं, त्यांची ओळख करून घेऊ.

ज्युलिओ नत्ता यांचा जन्म १९०३ साली इटलीत झाला. वयाच्या २१ व्या वर्षी ते मिलानच्या पॉलिटेक्निकमधून केमिकल इंजिनिअर झाले. क्ष-किरणांनी पदार्थातली अणूंची मांडणी बघायची, हा त्यांचा हातखंडा. १९३८ पासून ते मिलानमध्येच प्राध्यापक होते.

१९५२ मध्ये त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल झिग्लर यांचं भाषण ऐकलं. पुढे झिग्लर यांनी साध्या दाबाखाली इथिलीनपासून प्लास्टिक बनवणारा उत्प्रेरक शोधला. मार्च १९५४ मध्ये नत्तांच्या प्रयोगशाळेत त्याच जातीचा उत्प्रेरक प्रॉपिलीन वायूवर वापरला गेला आणि घट्ट, पांढरा पदार्थ हाती आला. हेच आपलं पॉलिप्रॉपिलीन! नत्तांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. साखळीला लागलेले छोटे फाटे सगळे एकाच बाजूला होते. ओळीत लावलेली भाताची रोपं कशी दाटीने बसतात, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असूनही मजबूत असतं आणि साधारण १६५ अंशांपर्यंत वितळत नाही.

या यशाची किंमतही मोठी होती. झिग्लर यांना हे डावललं गेल्यासारखं वाटलं आणि दोघांचे संबंध बिघडले. १९५६ मध्ये नत्तांना पार्किन्सन्स आजाराने गाठलं. १९५७ मध्ये इटलीत कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं, पण त्यांचं शरीर साथ सोडत चाललं होतं. १९६३ चं नोबेल झिग्लर आणि नत्ता यांना मिळून मिळालं, तेव्हा स्टॉकहोमच्या व्यासपीठावर त्यांना मुलाचा आणि सहकाऱ्यांचा आधार लागला. १९७९ मध्ये ते गेले. आणि १९८३ मध्ये अमेरिकेतलं या प्लास्टिकचं पेटंट फिलिप्स या वेगळ्याच कंपनीच्या नावे झालं! आज आपल्याच रायगडात, नागोठण्याला पॉलिप्रॉपिलीन बनतं.

आता पट्टीकडे येऊ. या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. त्यामुळे रंगाला पकडायला काही मिळतच नाही. त्यात जिथे फाटा फुटतो, तो सांधा उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतो. वरचा थर भुकटीसारखा होतो, तोच आपल्याला पांढरट दिसतो. त्या भुकटीवर रंग मारला तर रंग भुकटीलाच चिकटणार, आणि तिच्यासोबतच निघणार.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पट्टीच्या मागच्या बाजूला 'पीपी' अक्षरं आहेत का बघा. साबणाने धुवा आणि चमक आणणारं जुनं तेलकट पॉलिश पूर्ण काढा. सिलिकॉन राहिलं तर रंग फाटतो. मग बारीक पॉलिशपेपरने भुकटी जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. त्यावर प्लास्टिकसाठीचा चिकटवणारा प्रायमर पातळ मारा. हा पत्र्यावरचा नेहमीचा प्रायमर नव्हे. शेवटी वाकल्यावर न तडकणारा रंग, दोन-तीन पातळ हात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलसर असते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी एकच विचारा: दादा, प्लास्टिकचा प्रायमर मारणार ना? उत्तर नाही आलं, तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे ठरलेले.