योहान सेबास्टियन बाख आणि त्यांच्या मुलाची वही

जर्मनींतील आयझेनाख गांवाच्या माथ्यावर वार्टबुर्ग नांवाचा किल्ला आहे. तेथें मार्टिन लूथर ह्यांनीं इ. स. १५२१-२२ मध्यें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. त्याच गांवीं ता. २१ मार्च १६८५ रोजीं योहान सेबास्टियन बाख ह्यांचा जन्म झाला. घराणें पिढीजात वादकांचें. परंतु सेबास्टियन नऊ वर्षांचा असतां आई वारली, व दहावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच पितृछत्रही हरपलें. पोरक्या मुलास वडील बंधूंनीं ओरड्रुफ येथें आपल्या घरीं नेलें. ते उपासनामंदिरांत ऑर्गन वाजवीत असत.

बाख ह्यांच्या निधनानंतर १७५४ सालीं छापलेल्या वृत्तांतांत एक हकीकत आहे. बंधूंपाशीं नामांकित वादकांच्या रचनांची एक वही होती. मुलानें ती पुष्कळदां मागितली, पण मिळाली नाहीं. तेव्हां कपाटाच्या जाळींतून ती ओढून घेऊन त्यानें सहा महिने चांदण्याच्या उजेडांत तिची नक्कल केली. बंधूंस हें समजतांच त्यांनीं ती नक्कल काढून घेतली. ज्याला वही नाकारली गेली, त्यानेंच पुढें आपल्या मुलाला स्वहस्तें वही करून दिली, हें आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

ती वही ता. २२ जानेवारी १७२० रोजीं सुरू झाली. बाख तेव्हां क्योथेन येथें राजे लिओपोल्ड ह्यांच्या दरबारीं संगीतप्रमुख होते, व थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा होता. आरंभीं सुरांच्या खुणा समजावून दिल्यावर एक चिमुकला धडा येतो. तो अवघ्या आठ आवर्तनांचा आहे. प्रत्येक सुरावर कोणतें बोट ठेवावें ह्याचा आंकडा पित्यानें घातला आहे, आणि माथ्यावर, येशूच्या नांवानें, ह्या अर्थाचीं तीन अक्षरें लिहिलीं आहेत. पियानो त्या काळीं नवा व दुर्मिळ होता. घरोघरीं त्याच्या पूर्वीचीं पट्ट्यांचीं वाद्यें असत. आतां मुलें हाच धडा पियानोवर शिकतात.

बाख ह्यांच्या मुलांकडून ऐकलेल्या गोष्टी १८०२ सालच्या त्यांच्या चरित्रांत आल्या आहेत. नव्या शिष्यास ते कित्येक महिने केवळ बोटांचा सराव करावयास लावीत. शिष्याचा धीर सुटूं लागला म्हणजे मात्र ते त्याच्यावर रागावत नसत. तोच सराव ज्यांत गुंफलेला आहे अशी लहानशी गोड रचना त्याच्यासाठीं लिहून देत. शिस्त ढिली होत नसे आणि मूलही खचत नसे.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत घरावर वज्राघात झाला. राजांबरोबर कार्ल्सबाड येथें गेलेले बाख परत आले तों पत्नी मारिया बार्बारा मरण पावून तिचें दफनही झालें होतें. शेवटची भेटही झाली नाहीं. तथापि मुलाची वही बंद पडली नाहीं. पुढें तींत दोन सुरावटींच्या पंधरा रचना आल्या, व १७२३ सालीं बाख ह्यांनीं त्या सुधारून पुन्हां स्वच्छ लिहिल्या. त्यांत डावा हात उजव्याचा चाकर नाहीं. दोघांसही स्वतःचें गाणें आहे. म्हणून शिकणाऱ्यानें आधीं एकेक हात सावकाश बसवावा, मग दोन्ही जुळवावे, आणि एकाचें ऐकतांना दुसऱ्यास विसरूं नये.

१७२३ पासून बाख लाइपझिग येथें संत थोमाच्या मंदिराचे गायनप्रमुख होते. शेवटीं दृष्टि गेली, दोन शस्त्रक्रिया निष्फळ झाल्या, व ता. २८ जुलै १७५० रोजीं ते प्रभूच्या विसांव्यांत गेले. त्यांच्या मोठ्या भक्तिरचना आज जगभर गाइल्या जातात. परंतु बंधूंनो, उपदेशकांनो, शब्बाथशाळेंत चार मुलांस अक्षरें अथवा एखादें गीत शिकवितांना तुमचें काम क्षुद्र वाटूं लागेल, तेव्हां त्या आठ आवर्तनांची आठवण करा. एका मुलासाठीं लिहिलेल्या इतक्या लहान धड्यावरही त्या थोर पुरुषानें प्रभूचें नांव घातलें होतें.