सागरतळी उजेड नेणारा

हिवाळ्यात शहापूरची भातसा किंवा मुरबाडची काळू नितळ होते, तेव्हा काठच्या उथळ पाण्यातील गोटे स्पष्ट दिसतात. पण डोहाचा तळ काळोखातच राहतो. पाणी कितीही स्वच्छ असले, तरी ते प्रकाश शोषून घेते. त्यातही तांबडा रंग सर्वांआधी लोपतो. मग अथांग सागराच्या तळाचे छायाचित्र घ्यावे कसे? या प्रश्नाचा ध्यास लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने घेतला.

बूताँ यांचा जन्म १८५९ साली झाला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स येथील सागरी प्रयोगशाळेत ते संशोधन करीत. पाणबुड्याचा अवजड पोशाख घालून ते स्वतः समुद्रात उतरत. तेथील अद्‌भुत सृष्टी इतरांनाही दिसावी, असे त्यांना वाटू लागले. आपले अभियंता बंधू ऑगस्त यांच्या साहाय्याने त्यांनी जलाभेद्य पेटीतील कॅमेरा सिद्ध केला आणि १८९३ साली छायाचित्रणास प्रारंभ केला.

सूर्यप्रकाशावर विसंबावे, तर एकेका चित्रासाठी अर्धा तासही कॅमेरा निश्चल ठेवावा लागे. तेवढा वेळ मासा का स्थिर राहणार! म्हणून बूताँ यांनी उजेडच पाण्याखाली नेण्याचे ठरविले. शोफूर नावाच्या विद्युत्‌तज्ज्ञाने प्राणवायूने भरलेल्या काचेच्या गोळ्यात मॅग्नेशियमची पट्टी विजेने पेटविण्याची युक्ती काढली. परंतु प्रकाश सारखा पडेना आणि गोळे फुटू लागले. तेव्हा प्राणवायूच्या मोठ्या पिंपावर काचेच्या झाकणाखाली स्पिरिटचा दिवा बसविण्यात आला. रबरी फुगा दाबला, की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडे आणि क्षणभर लख्ख उजेड पडे. उजेड मिळाला, पण ते धूड पाण्यात वागविणे महाकठीण होते.

तरीही बूताँ थांबले नाहीत. १८९९ साली त्यांनी विजेचे प्रखर आर्क दिवे जलाभेद्य आवरणांत बसविले आणि सुमारे ५० मीटर खोलीवर छायाचित्र घेऊन दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपले सारे अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९३४ साली त्यांचे निधन झाले.

आज पाणबुड्याच्या हाती मावेल एवढा दिवा मिळतो. मात्र तोही समोरून न रोखता बाजूने धरावा लागतो; नाही तर पाण्यातील गाळाचे कणच चकाकतात आणि चित्र झाकोळून जाते. कोणता दिवा निवडावा, हे पाण्याचा स्वभाव जाणल्यावाचून ठरत नाही. बूताँ यांनी प्रत्येक फसलेल्या दिव्यापासून हा स्वभाव शिकून घेतला. म्हणूनच त्यांचा उजेड सागरतळी पोहोचला.