अक्कलदाढ, हास्यवायू आणि होरेस वेल्स

अक्कलदाढ येण्याचा संबंध आपल्या भाषेने शहाणपणाशी जोडला असला, तरी ती प्रत्यक्षात येते तेव्हा माणसाला दुसरे काही सुचू देत नाही. साधारण सतरा ते पंचवीस या वयात जबड्याच्या अगदी मागे उगवणारी ही शेवटची दाढ अनेकांच्या बाबतीत जागेअभावी तिरकी अडकते. हिरडी सुजते, तोंड उघडेनासे होते आणि अखेर दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आज मुंबई-पुण्यातील रुग्ण भुलीचे इंजेक्शन घेऊन ती काढून घेतो आणि गालावर बर्फाची पिशवी धरून घरी जातो. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक निर्णायक प्रयोग अशाच एका अक्कलदाढेवर झाला होता. ती दाढ होती अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्यांची आणि प्रयोगासाठी ती त्यांनी स्वतःहून पुढे केली होती.

वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील हार्टफर्ड या गावी, एका सुखवस्तू कुटुंबात झाला. दंतवैद्यक शिकवणारे महाविद्यालय त्या काळी अस्तित्वातच नव्हते. असे पहिले महाविद्यालय बाल्टिमोर येथे १८४० मध्ये निघाले. त्यामुळे १८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वेल्स बॉस्टनला गेले आणि तेथील जाणत्या दंतवैद्यांच्या हाताखाली त्यांनी ही विद्या आत्मसात केली. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला तो कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात. जन्मगाव आणि कर्मभूमी यांचे नाव एकच असल्याने त्यांच्या चरित्रात पुष्कळदा गोंधळ होतो, पण ही दोन्ही ठिकाणे वेगळी आहेत.

व्यवसायात त्यांचा जम लवकर बसला. १८३८ मध्ये त्यांनी दातांविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. दात काढण्याची वेळच येऊ नये यासाठी त्यांची निगा कशी राखावी, हे त्यात सांगितले होते. दात उपटणे हाच ज्या व्यवसायाचा मुख्य भाग होता, त्यात राहून असे लिहिणे हे त्या तरुणाच्या स्वभावाचे द्योतक मानावे लागेल. त्याच वर्षी एलिझाबेथ वेल्स (माहेरचे आडनाव वेगळ्या स्पेलिंगचे, पण उच्चार जवळपास तोच) यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना चार्ल्स हा मुलगा झाला. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी दोघांची नावे पुढे गाजली. जॉन रिग्ज आणि विल्यम मॉर्टन ही ती नावे. एकाने वेल्स यांची साथ कधी सोडली नाही आणि दुसऱ्याच्या वाट्याला ती कीर्ती गेली, जी वेल्स यांना आपली वाटत होती.

वेदनेचा प्रश्न वेल्स यांच्यापुढे रोजच उभा होता. १८४३ मध्ये मॉर्टन यांच्याबरोबर त्यांनी बॉस्टनमध्ये भागीदारी सुरू केली. सोन्याच्या पट्टीवर कृत्रिम दात बसवण्यासाठी न गंजणारा डाख त्यांनी तयार केला होता आणि कवळ्यांचा धंदा त्यावर चालवण्याचा बेत होता. मात्र नवी कवळी बसवायची, तर आधी जुन्या दातांची मुळे काढावी लागत. ती पूर्ण शुद्धीत, खुर्चीचे हात घट्ट धरून काढून घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना. वर्षभरात, १८४४ च्या ऑक्टोबरमध्ये, ही भागीदारी मोडली. यंत्र उत्तम, कारागिरी उत्तम, आणि माणूस मात्र वेदनेच्या भीतीने दारातूनच परत जातो, हा अनुभव वेल्स यांनी पदरी बांधून घेतला असला पाहिजे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी, हार्टफर्डच्या युनियन हॉलमध्ये गार्डनर कोल्टन यांचा खेळ होता. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडलेले कोल्टन गावोगावी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, लोकांना हुंगवून करमणुकीचे प्रयोग करत. जोसेफ प्रिस्टले यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तर १८०० सालच्या आपल्या ग्रंथात शस्त्रक्रियेसाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे सुचवूनही ठेवले होते. योगायोग असा, की डेव्ही यांनाही येणाऱ्या अक्कलदाढेची ठणक या वायूने तात्पुरती थांबल्याचा अनुभव आला होता. तरीही पुढची ४४ वर्षे हा वायू जत्रेतच रमला. वैद्यकाच्या इतिहासात इतका ढळढळीत इशारा इतकी वर्षे दुर्लक्षित राहिल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

त्या रात्री सॅम्युअल कूली नावाच्या औषधाच्या दुकानातील कारकुनाने वायू हुंगला आणि तो बेभान होऊन सभागृहात धावू लागला. धावताना लाकडी बाकांवर आपटून त्याच्या पायाला चांगलीच इजा झाली. भान आल्यावर तो जागेवर येऊन बसला, तेव्हा रक्त पाहून त्यालाच आश्चर्य वाटले. वेदना त्याला जाणवलीच नव्हती. सभागृहातील बाकीचे हसत होते. वेल्स मात्र कूलीची चौकशी करत होते. खेळ संपताच त्यांनी कोल्टन यांना गाठून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वायू घेऊन येण्याची विनंती केली.

११ डिसेंबरच्या सकाळी वेल्स स्वतःच खुर्चीत बसले. त्यांची एक वरची अक्कलदाढ त्रास देत होती. कोल्टन यांनी पिशवीतून वायू हुंगवायला दिला. खेळात दिला जाई त्यापेक्षा अधिक, इतका की मान मागे कलली. मग रिग्ज यांनी चिमट्याने दाढ उपटली. अशा मात्रेने माणूस पुन्हा शुद्धीवर येतो की नाही, हे त्या खोलीतील कोणालाही ठाऊक नव्हते. वायू शुद्ध होता. आज त्यात प्राणवायू मिसळला जातो, तसा तो तेव्हा मिसळलेला नव्हता. म्हणजे बधिरतेबरोबर गुदमरण्याचा धोकाही होताच. काही क्षणांतच वेल्स शुद्धीवर आले. दाढ निघाल्याचे त्यांना कळलेही नव्हते.

दंतवैद्यकाच्या दृष्टीने येथे थोडे थांबले पाहिजे. वरची अक्कलदाढ खालच्या दाढेपेक्षा बरीच सुलभ असते. वरच्या जबड्याचे हाड मऊ आणि विरळ असल्याने ती पुष्कळदा एका झटक्यात निघते. खालची दाढ घट्ट हाडात आडवी रुतलेली असेल, तर हिरडी कापून, हाड कोरून, कधी दाढेचे तुकडे करून ती काढावी लागते. अशी दाढ वेल्स यांच्या वाट्याला आली असती, तर त्या वायूच्या मिनिटभराच्या गुंगीत ती निघाली नसती आणि प्रयोगाचे भवितव्य तेथेच ठरले असते. शिवाय हास्यवायूचा अंमल जितक्या वेगाने येतो, तितक्याच वेगाने उतरतो. दाढ निघताना वेदना नाही, पण त्यानंतरचा ठणका जागेपणीच सोसायचा. आज इंजेक्शनमुळे ओठ आणि जबडा दोन-तीन तास बधिर राहतात आणि पुढची बाजू वेदनाशामक गोळ्या सांभाळतात.

दाढ काढल्यानंतर जखम भरण्याची रीत मात्र तेव्हा आणि आता एकच आहे. रिकाम्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नवी ऊती वाढते. म्हणून आजचे दंतवैद्य कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाताखाली घट्ट दाबून धरायला सांगतात. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, थुंकत राहू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये, सिगारेट आणि तंबाखू वर्ज्य करावी, असे बजावतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर ओसरू लागते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावावा, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात. आहारात गुरगुट्या भात, ताक, गार पेज यांवर भागवावे. आठवडाभरात टाके निघतात. गुठळी आधीच निसटली तर हाड उघडे पडते आणि तीन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. या ड्राय सॉकेटवर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा. वेल्स यांच्या काळी प्रतिजैविके नव्हती. वेल्स यांची जखम मात्र निर्विघ्न भरली असावी, कारण पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी पंधराएक रुग्णांचे दात हास्यवायूच्या अमलाखाली काढले.

या शोधाचे पेटंट घ्यावे, असे त्यांना सुचवले गेले. हवेवर जशी कोणाची मालकी नाही तशी यावरही नसावी, अशी भूमिका घेऊन त्यांनी ते नाकारल्याचे सांगतात. १८४५ च्या जानेवारीत ते बॉस्टनला गेले. मॉर्टन यांच्या ओळखीने जॉन कॉलिन्स वॉरन या नामवंत शल्यविशारदाच्या विद्यार्थ्यांपुढे प्रात्यक्षिक करण्याची परवानगी मिळाली. एक विद्यार्थी दात काढून घ्यायला पुढे आला. वेल्स यांनी वायूची पिशवी जरा लवकर दूर केली, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले. दात ओढताच रुग्ण कण्हला. सभागृहातून हेटाळणीचे आवाज उठले आणि ढोंगी ठरवून त्यांना घालवून देण्यात आले. आपल्याला फारशी वेदना झाली नव्हती, असे त्या रुग्णाने नंतर सांगितले. पण ते ऐकायला तेव्हा कोणी थांबले नव्हते.

या एका प्रसंगाने वेल्स आतून मोडले. अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी घर भाड्याने देण्याची जाहिरात दिली आणि आपले रुग्ण रिग्ज यांच्याकडे सोपवले. पुढची वर्षे कधी दवाखाना सुरू, कधी बंद, अशी गेली. मध्यंतरी त्यांनी कॅनरी पक्ष्यांचा व्यापार केला आणि शॉवरच्या स्नानयंत्राचे पेटंटही घेतले. वेदनामुक्तीचे पेटंट नाकारणाऱ्या माणसाने अखेर शॉवरचे पेटंट घ्यावे, यातील विसंगती कोणाच्याही नजरेत भरेल. घर मात्र चालवायचे होते.

दरम्यान मॉर्टन यांनी ईथर हाती घेतले. ३० सप्टेंबर १८४६ रोजी त्यांनी एका रुग्णाचा दात ईथरच्या गुंगीत काढला आणि १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्याच वॉरन यांनी ईथर दिलेल्या रुग्णाच्या जबड्याखालील गाठीवर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली आणि जगभर गाजली. मॉर्टन यांनी ईथरचे पेटंट घेतले. तेवढ्यात रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन यांनी कल्पना आपलीच असल्याचा दावा केला. जॉर्जिया राज्यातील क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरांनी तर १८४२ मध्येच ईथर वापरून गाठ काढली होती, पण तेव्हा ते प्रसिद्ध केले नव्हते. श्रेयाच्या या ओढाताणीत वेल्सही उतरले. १८४७ च्या आरंभी ते चित्रे खरेदी करण्याच्या निमित्ताने पॅरिसला असताना त्यांनी तेथील वैद्यकीय संस्थांपुढे आपली बाजू मांडली आणि परतल्यावर आपल्या शोधाची हकिकत पुस्तिकेच्या रूपाने छापली.

१८४८ च्या जानेवारीत पत्नी आणि मुलाला हार्टफर्डला ठेवून ते एकटेच न्यूयॉर्कला आले. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी दोनच महिन्यांपूर्वी क्लोरोफॉर्मचा वापर जाहीर केला होता. वेल्स यांनी आपल्या जुन्या पद्धतीनुसार त्याचा प्रयोग स्वतःवरच सुरू केला. आठवडाभर वारंवार हुंगलेल्या त्या द्रव्याने त्यांचे मन ताब्यात घेतले. २१ जानेवारीला, तेहतिसाव्या वाढदिवशी, भ्रमिष्ट अवस्थेत ते रस्त्यावर धावत गेले आणि त्यांनी देहविक्रय करणाऱ्या दोन स्त्रियांच्या अंगावरील कपड्यांवर सल्फ्युरिक आम्ल फेकले. वेल्स यांची कणव करताना त्या दोघींची आठवण सहसा कोणी काढत नाही. ती काढली पाहिजे. टूम्ब्स या तुरुंगात अंमल उतरल्यावर आपण काय केले, हे त्यांच्या ध्यानात आले. २४ जानेवारी १८४८ रोजी त्यांनी कोठडीतच आपले जीवन संपवले.

पॅरिसच्या वैद्यकीय संस्थेने वेदनारहित शस्त्रक्रियेसाठी वायूचा प्रथम उपयोग करण्याचे श्रेय वेल्स यांना दिले होते. तसे कळवणारे पत्र पॅरिसहून निघाले होते. ते अमेरिकेत पोहोचले, तेव्हा ते वाचायला वेल्स हयात नव्हते.

हास्यवायू पुन्हा दवाखान्यात आणला तो कोल्टन यांनीच, १८६३ मध्ये. दात काढण्यासाठी त्यांनी हजारो रुग्णांना तो दिला. १८६८ मध्ये शिकागोचे शल्यविशारद एडमंड अँड्र्यूज यांनी त्यात प्राणवायू मिसळण्याची रीत सुचवली आणि धोका बराच कमी झाला. आजही दाताच्या खुर्चीत घाबरणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांनाही नाकावरच्या लहानशा मुखवट्यातून हे मिश्रण दिले जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १८६४ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८७० मध्ये वेल्स यांच्या अग्रहक्काला मान्यता दिली. हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये १८७५ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला आणि १९१० मध्ये पॅरिसमध्येही त्यांचे स्मारक झाले. मुलगा चार्ल्स याने १९०८ मध्ये आई-वडिलांचे अवशेष हार्टफर्डमधील सिडार हिल दफनभूमीत हलवले. तेथे ते दोघे शेजारी-शेजारी विसावले आहेत.