नवेगावबांधचा तलाव बांधणारे कोलू पाटील देव कसे झाले?

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधला गेलेला माणूस तलाव बघतो, पक्षी बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. पण समोरचं एवढं पाणी निसर्गाने नाही तर माणसांनी अडवलंय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

हा तलाव बांधला कोलू पाटील कोहळी यांनी. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा.

कोहळी हा पूर्व विदर्भातला धान आणि ऊस पिकवणारा, तलाव बांधण्यात तरबेज असलेला समाज. चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला काशीहून इथे आणलं, असं त्यांची परंपरा सांगते.

आता प्रश्न पडेल, या भागात पाऊस भरपूर, मग तलाव कशाला?

तर पाऊस चारच महिने. धान लोंबीवर येताना त्याने दडी मारली की पीक हातचं गेलं. ऊस तर पावसाळा सरल्यावरही पाणी मागतो.

कोलू पाटलांनी जागा बरोबर हेरली. भोवती डोंगर होतेच. त्यांच्यामधल्या ज्या वाटांनी पाणी निघून जायचं, तिथे मातीच्या पाळी घातल्या. ना सिमेंट, ना यंत्रं. आज या तलावाचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे.

एवढं काम माणसाच्या हातून झालंच कसं? लोकांनी त्याचंही उत्तर शोधलं. तलावाभोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. त्यांच्या दैवी शक्तीने तलाव उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. कोलू पाटलांनाही देवपण मिळालं. ते झाले कोलासूर देव. त्यांचं ठाणं यातल्याच एका शिखरावर आहे.

पुढे १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प.

पूर्व विदर्भात असे शेकडो जुने तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. पण गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी सांभाळायची, हे गावाच्या हातून सुटलं. बरेच तलाव गाळाने उथळ झाले.

कोलू पाटलांना गावाने देव केलं. पण त्यांनी घालून दिलेलं काम दरवर्षी माणसांनीच करावं लागतं.